दोन ग्राफिक्स कार्डं? आधी मदरबोर्ड बघा!

दोस्तांनो, एका कार्डावर गेम झकास पळतो, मग दोन लावली की दुप्पट पळेल, असं वाटतंय ना? बाबांकडे पैसे मागण्याआधी जरा थांबा.

मदरबोर्डवर दोन लांबलचक स्लॉट दिसले म्हणून भुलू नका. स्लॉट लांब असला तरी त्याला जोडलेल्या लेन कमी असू शकतात. घरगुती प्रोसेसरकडून ग्राफिक्ससाठी बहुधा १६ लेन मिळतात. चांगला बोर्ड त्या ८-८ अशा वाटून देतो. स्वस्त बोर्डात पुष्कळदा पहिल्याला १६ आणि दुसऱ्याला जेमतेम ४, त्याही चिपसेटमार्गे वळसा घालून! हे माहितीपुस्तिकेत शोधा.

खरी गोम पुढेच आहे. १९९८ साली ‘वूडू २’ची दोन कार्डं चित्राच्या एकाआड एक ओळी वाटून घेत. त्या जोडणीचं ‘एसएलआय’ हे नाव एनव्हिडियाने २००४ मध्ये पुन्हा आणलं. पण गेम तसा लिहिलेला नसेल, तर दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं! २०२२च्या आरटीएक्स ४०९०वर तर ती जोडणीच नाही.

तेव्हा आईबाबा, नव्या गेमसाठी एकच दमदार कार्ड घ्या. उरलेल्या पैशांत चांगला पॉवर सप्लाय येईल. हौसेने जुनं मशीन जुळवणाऱ्यांनी मात्र बोर्डावर एसएलआयची सोय आहे ना, आणि दोन कार्डांमध्ये पंख्याला हवा मिळेल इतकं अंतर आहे ना, ते पाहावं.