धमकीचा ई-मेल

भाताचा हंगाम सुरू झाला की घोटीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका संध्याकाळी ओळखीचे एक गिरणीवाले भाऊ माझ्या कॉम्प्युटर क्लासवर आले. आत येताच त्यांनी शटर अर्धे खाली ओढले. "सर, जरा खासगी होतं," म्हणाले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

तो इंग्रजी ई-मेल होता. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मी शिरलो आहे, कॅमेऱ्यातून तुमचे नको त्या अवस्थेतले चित्रण केले आहे, ४८ तासांत बिटकॉइनने पैसे द्या, नाहीतर ते सगळ्या ओळखीच्यांना पाठवीन. पुरावा म्हणून भाऊंचा पासवर्ड दिलेला. मेल आलेला दिसत होता तोही त्यांच्याच पत्त्यावरून! घरात मुलीचे लग्न ठरलेले. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. बिटकॉइन कुठे मिळते, याची चौकशीही करून झाली होती.

मी एवढेच विचारले, "भाऊ, मेल वापरता कुठे?"

"गिरणीतच."

"त्या कॉम्प्युटरला कॅमेरा आहे कुठे?"

भाऊ माझ्याकडे पाहतच राहिले.

मग पासवर्ड कसा कळला? आपण कधीतरी एखाद्या संकेतस्थळावर नाव नोंदवतो आणि विसरतो. तिथली यादी चोरीला जाते. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये चोरलेले पासवर्ड २०१६ मध्ये इंटरनेटच्या चोरबाजारात विक्रीला आले होते. अशा याद्या घेऊन एकच मजकूर लाखो लोकांना धाडायचा. शंभरातला एक घाबरला तरी धंदा झाला. २०१८ पासून असे मेल जगभर फिरत आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये हे मेल बनावट असल्याचे जाहीर केले होते. राहिला पत्ता. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, मेलचेही तसेच.

अशा मेलला उत्तर देऊ नये, सोबतची फाइल उघडू नये, पैसे तर मुळीच देऊ नयेत.

मात्र व्हॉट्सअॅपवर अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, तो प्रकार वेगळा. तिथे चित्रण खरोखर झालेले असू शकते. २०२२ मध्ये पुण्यात अशा धमक्यांपायी तरुणांनी जीव दिला. तिथेही पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसू नये. घरात एकाला तरी सांगावे आणि १९३० या क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करावी.

भाऊंचा तो पासवर्ड म्हणजे त्यांच्या जुन्या लुनाचा नंबर. "बँकेलाही हाच का?" असे विचारल्यावर ते नुसते ओशाळे हसले. तिथेच बसून आम्ही दोन्हीकडचे पासवर्ड बदलले, मेलला मोबाइलवर आकडा येणारी दुहेरी तपासणी लावली. नऊ वाजता शटर वर केले, तेव्हा बाहेर भाताच्या गाड्या अजून उभ्याच होत्या.