विश्लेषण : प्रार्थना ‘परिणामकारक’ कशी होते? ख्रिस्ती परंपरा काय सांगते?

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चकडे जाणारा रस्ता गर्दीने भरलेला असतो. १९४८ पासून दर बुधवारी येथे नोव्हेना होते. रांगेत ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकही असतात. बाहेरच्या स्टॉलवर मेणाचे घर, मेणाचे बाळ, मेणाचे हात-पाय मिळतात. कोणाला काय हवे आहे, ते त्याच्या हाताकडे पाहूनच कळते.

कॉलेजच्या हॉस्टेलमधील माझा वसईचा मित्र वडिलांच्या आजारपणात नऊ बुधवार या रांगेत उभा राहिला. वडील गेले. अंत्यविधीनंतर एक नातेवाईक त्याला म्हणाले, ‘तुझा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल.’ तेव्हापासून त्याच्या मनात एकच प्रश्न आहे : आपण प्रार्थना चुकीची केली का? हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. म्हणूनच प्रार्थना ‘परिणामकारक’ होते म्हणजे काय होते, हे समजून घेऊ.

परिणाम म्हणजे नेमके काय?

कोणत्याही गोष्टीचा परिणाम मोजायचा तर आधी काय मोजायचे ते ठरवावे लागते, हे इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षात शिकवतात. प्रार्थनेच्या बाबतीत बहुतेकांचे माप सरळ असते : मागितले ते मिळाले का? ख्रिस्ती परंपरेत मागण्याला नक्कीच जागा आहे. आजारी माणसासाठी, नोकरीसाठी, पावसासाठी प्रार्थना होतच असते. मात्र मागणे हा प्रार्थनेचा एक भाग आहे. देवाशी नाते टिकणे आणि प्रार्थना करणारा माणूस आतून बदलणे, हे तिचे मुख्य फळ मानले जाते.

येशूने शिष्यांना काय शिकवले?

मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू आधी दोन गोष्टी टाळायला सांगतो. लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करू नका आणि पुष्कळ बोलल्याने देव ऐकेल असे समजू नका. खोलीत जा, दार लावा आणि बोला, असा त्याचा साधा सल्ला आहे. त्यानंतर तो जी प्रार्थना शिकवतो, ती ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणून जगभरातील चर्चमध्ये म्हटली जाते.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या तीन विनंत्या देवाचे नाव, देवाचे राज्य आणि देवाची इच्छा यांविषयी आहेत. स्वतःच्या गरजा त्यानंतर येतात. त्यात पोटापाण्याची विनंती एकच, तीही आजच्या भाकरीपुरती. क्षमा मागताना आपणही इतरांना क्षमा केली आहे, अशी कबुली द्यावी लागते. शिवाय सगळी प्रार्थना ‘आम्ही’ या भाषेत आहे. दार लावून एकट्याने प्रार्थना करणाऱ्यालाही ती शेजाऱ्याला सोबत घ्यायला लावते.

लूकच्या शुभवर्तमानात यावर दोन बोधकथा आहेत. एकीत एक विधवा न्यायाधीशाकडे न्यायासाठी पुन्हा पुन्हा जाते आणि अखेर त्याला तिचे ऐकावे लागते. दुसरीत स्वतःच्या धार्मिकतेचा पाढा वाचणाऱ्या परूश्यापेक्षा मान खाली घालून दया मागणाऱ्या जकातदाराची प्रार्थना स्वीकारली जाते. चिकाटी आणि प्रामाणिकपणा, या दोन अटी त्यातून पुढे येतात. शुद्ध भाषा किंवा मोठा आवाज ही अट कुठेच नाही.

शब्दच सुचत नसतील तर?

ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचे उपायही जुने आहेत. सध्या प्रचलित असलेल्या काही पद्धती अशा :

• चार पायऱ्या : आधी देवाची स्तुती, मग चुकांची कबुली, मग आभार आणि शेवटी मागणे. नवख्यांना ही पद्धत सोपी जाते, कारण यादी थेट मागण्यापासून सुरू होत नाही.

• स्तोत्रे वाचणे : बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यातील कित्येकांत दुःख, तक्रार आणि रागही आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. देवापुढे रडायला आणि भांडायलाही मुभा आहे, हे त्यातून कळते.

• वाचन आणि मनन : बायबलमधील लहान उतारा सावकाश वाचायचा, त्यावर मनन करायचे, त्यातून सुचेल ती प्रार्थना करायची आणि मग शांत बसायचे. बाराव्या शतकात दुसरा गिगो या मठवासी संन्याशाने या चार टप्प्यांची मांडणी केली.

• दिवसाचा आढावा : सोळाव्या शतकातील संत इग्नेशियस लोयोला यांनी रुजवलेली पद्धत. रात्री दिवस आठवायचा, कशाबद्दल आभार मानायचे आणि कुठे चुकले ते पाहायचे. दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

• जपमाळ : कॅथलिक घरांत संध्याकाळी एकत्र म्हटली जाणारी रोझरी. मन थकलेले असताना ठरलेले शब्दच आधार देतात.

यातील कोणतीही एक पद्धत घ्यावी. वेळ आणि जागा मात्र ठरलेली असावी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर उत्तम.

मागितले ते मिळालेच नाही तर?

माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर बायबलमध्येच आहे. अटकेच्या आदल्या काही तासांत येशू गेथशेमाने बागेत समोरचे दुःख टळावे म्हणून प्रार्थना करतो. मत्तयच्या वृत्तांतात तो तीनदा प्रार्थना करतो, पण स्वतःच्या इच्छेपेक्षा पित्याची इच्छा मोठी मानतो. दुःख टळत नाही. पौल हा प्रेषित ‘शरीरातील काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी करतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो स्वतःच सांगतो की काटा निघाला नाही, सहन करण्यापुरती कृपा मिळाली.

या दोघांचा विश्वास कमी पडला, असे कोणताही ख्रिस्ती म्हणणार नाही. मग तेच वाक्य शोकात बुडालेल्या मुलाला ऐकवण्याचा आधार काय? येशूने विश्वासाला मोठे महत्त्व दिले हे खरे आहे. पण मिळालेल्या फळावरून दुसऱ्याचा विश्वास मोजण्याची परवानगी त्यातून निघत नाही. ईयोबाच्या पुस्तकात नेमके हेच करणाऱ्या मित्रांना देव शेवटी खडसावतो.

विज्ञानाने तपासून पाहिले आहे का?

होय. २००६ मध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सहा रुग्णालयांतील बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही, हे पहिल्या दोन गटांना ठाऊक नव्हते. त्यातील ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली, त्यांच्यापैकी ५२ टक्के रुग्णांत गुंतागुंत आढळली. ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात ५१ टक्के. म्हणजे फरक दिसला नाही. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होणार हे ज्यांना सांगितले होते, त्या तिसऱ्या गटात प्रमाण ५९ टक्के होते.

दुसरीकडे, २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २३ निरोगी व्यक्तींवरील अभ्यासात लॅटिनमधून जपमाळ म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते, असे दिसले. मंत्र म्हणतानाही तसेच झाले. थोडक्यात, प्रार्थनेचा ती करणाऱ्याच्या शरीरावर होणारा परिणाम मोजता येतो. देव ऐकतो का, हे मात्र अशा प्रयोगातून सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाने काय केले?

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे रूप दिले. मराठी उपासनेत त्यांची भजने आजही पेटी-तबल्यावर गायली जातात. आपल्या भाषेत, आपल्या चालीत प्रार्थना केली की ती जिभेवरून मनात उतरते, हा त्यामागचा अनुभव.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. दौंडजवळील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये मोठी प्रार्थना चळवळ उभी राहिली. पण त्याआधीच, दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या होत्या. आश्रमात विहिरी खोदल्या गेल्या, छापखाना चालला. त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणजे कामातून सुटका नव्हती.

औषध की प्रार्थना?

हा पर्यायच चुकीचा आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, पण वैद्याकडे जाऊ नका असे कुठेही म्हटलेले नाही. कॅथलिक बायबलमधील सिराक या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात तर आजारपणात प्रार्थना करा आणि वैद्यालाही त्याची जागा द्या, असा स्पष्ट सल्ला आहे. मिरजेचे मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. वॉन्लेस हे श्रद्धावान ख्रिस्तीच होते. प्रार्थनेने सगळे भागले असते तर त्यांना ऑपरेशन थिएटर बांधावे लागले नसते.

म्हणून ‘गोळ्या बंद करा, फक्त विश्वास ठेवा’ असे कोणी सांगत असेल तर सावध व्हावे. बरे करण्यासाठी पैसे मागितले जात असतील तर अधिकच. डॉक्टरांना न विचारता इन्सुलिन, रक्तदाबाचे किंवा फिट्सचे औषध थांबवणे जिवावर बेतू शकते.

माझा मित्र आता बुधवारी रांगेत जात नाही. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दिवस आठवून बसतो. वडिलांविषयी बोलतो, कधी तक्रारही करतो. त्या नातेवाइकांचे वाक्य मात्र अजून खुपते, असे तो म्हणतो. कोणाच्या घरी दुःख झाले असेल आणि काय बोलावे ते सुचत नसेल, तर विश्वासाचे मोजमाप न करता शेजारी शांत बसावे. ईयोबाच्या मित्रांनीही पहिले सात दिवस तेवढे केले होते. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर.