मुख्य कोण आणि प्रत कोणती?

कारंजा लाड येथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील ग्रंथभांडारें विद्वानांस सुपरिचित आहेत. कारंज्याच्या जैन ग्रंथमालेंत १९३१ सालीं डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं संपादिलेलें पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ प्रसिद्ध झालें. अनेक हस्तलिखितांवरून ग्रंथ सिद्ध करतांना संपादक प्रत्येक प्रतीस एक संकेताक्षर देतो आणि शेवटच्या पानापर्यंत तें बदलीत नाहीं. तसें न केल्यास कोणता पाठ कोणत्या प्रतींतील, हें वाचकास उमगणारच नाहीं.

आजच्या डेटाबेसासहि याच शिस्तीची गरज आहे. त्यांत एक सर्व्हर नव्या नोंदी स्वीकारतो व इतर सर्व्हर त्या त्याच क्रमानें उतरवून घेतात. पहिल्यास ‘मास्टर’ आणि दुसऱ्यास ‘स्लेव्ह’ म्हणण्याचा प्रघात दीर्घकाल होता. गुलामगिरीची आठवण देणारे हे शब्द मागें पडले, तें योग्यच झालें. शिवाय उतरवून घेणारा हा लेखकू असतो, दास नव्हे. मायएसक्यूएलनें २०२० सालीं ‘सोर्स’ व ‘रेप्लिका’ हीं नांवें जाहीर केलीं आणि २०२४ च्या ८.४ या आवृत्तींत जुन्या आज्ञा काढून टाकल्या. पोस्टग्रेस्क्यूएलमध्यें ‘प्रायमरी’ व ‘स्टँडबाय’ रूढ आहेत. कोणतीहि जोडी पत्करावी, परंतु एकाच सूचनापत्रकांत दोन जोड्या मिसळूं नयेत.

गोंधळाची किंमत मोठी असते. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींतील एक अभियंता दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसावयास गेला आणि ती आज्ञा त्यानें मुख्य सर्व्हरवर दिली. दोन्ही यंत्रांच्या नांवांत एका आकड्याचाच फरक होता! सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचार उरले, तेव्हां त्याचा हात थांबला. सुमारें सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

मराठींत कोणते शब्द घ्यावे? ‘मूळ’ हा शब्द सोयीचा वाटतो खरा. परंतु मुख्य सर्व्हर बंद पडतांच प्रतींपैकीं एकीस त्याच्या जागीं बसवितात, आणि मूळ तर असें बदलत नसतें. सातबाऱ्याची ‘नक्कल’ सर्वांस ठाऊक आहे; पण ती एकदां काढली कीं गोठते, येथें तर लेखन अखंड चालू असतें. तेव्हां ‘मुख्य’ आणि ‘प्रत’ हेच शब्द बरे. मात्र ते यंत्राच्या अंगावर कोरूं नयेत, कारण तीं नांवें कामाचीं आहेत, यंत्राचीं नव्हेत. तसेंच मुख्यावर चुकून पुसलेली नोंद प्रतींतूनहि क्षणार्धांत पुसली जाते. म्हणून कालची माहिती जेथें निराळी राखून ठेविली असेल, त्या साठ्यास ‘प्रत’ न म्हणतां ‘बॅकअप’च म्हणावें.