नरनाळ्यावर समुद्र कुठून आला? ऑनलाइन एकत्र लिहिताना मुलांचं मराठी कसं पक्कं होतं

मागच्या दिवाळीत अकोल्याला घरी गेलो होतो, तेव्हा एका शिक्षक मित्राने त्याच्या आठवीच्या वर्गाची गूगल डॉक्समधली फाइल दाखवली. अकोट तालुक्यातली शाळा, चार-चार मुलांचे गट आणि विषय नरनाळा किल्ला. एका मुलीने लिहिलं होतं, ‘किल्ल्याच्या आजूबाजूला खोल दर्या आहेत.’ त्या शब्दावर एका मुलाची कमेंट होती: ‘नरनाळ्यावर समुद्र कुठून आला बे?’

खाली सात-आठ उत्तरं. कोणी लिहिलं की दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. त्या मुलीने लिहिलं, ‘मले माहीत आहे, पण मोबाईलवर ते येऊनच नाही रायलं.’ चूक व्याकरणाची नव्हती, कीबोर्डची होती. वहीवर लाल गोल करून हे कधीच कळलं नसतं.

आधी हा ‘ऱ्य’ निपटवून टाकू, कारण मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी छळतो. साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि य असं टाइप केलं की रफार होतो: सूर्य, दर्या. आपल्याला हवा असतो आडवा र. त्यासाठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेलं ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग य. काही जण साध्या ‘र’ला एक न दिसणारं जोडचिन्ह लावून तसाच आकार आणतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळे. म्हणून फाइलमध्ये ‘दऱ्या’ शोधताना कित्येकदा एक सापडतो आणि दुसरा सुटतो.

आता मूळ मुद्दा. एकत्र लिहिण्यासाठी बहुतेक शाळा व्हॉट्सॲप ग्रुप वापरतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळा गृहपाठ तिथेच फोटो काढून जायचा. पण लेखन सुधारण्यासाठी व्हॉट्सॲप हे मला चुकीचं साधन वाटतं. तिथे चर्चा वाहून जाते. कोणत्या वाक्याबद्दल कोण काय बोललं, ते दोन दिवसांनी सापडत नाही. वर सगळ्यांचं ‘थँक्यू सर’.

गूगल डॉक्समध्ये कमेंट नेमक्या शब्दाला चिकटते. ‘सजेस्टिंग’ मोड सुरू केला की दुसऱ्याने केलेला बदल लगेच लागू होत नाही, प्रस्ताव म्हणून रंगीत दिसतो. स्वीकारायचा की नाही हे लिहिणारा ठरवतो. आणि व्हर्जन हिस्टरीत लेख पहिल्या ओळीपासून कसा बदलत गेला ते दिसतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं कोड रिव्ह्यू असंच चालतं. खरं सांगू का, शाळेत दहा वर्षं निबंध लिहूनही मी वाक्य नीट लिहायला शिकलो नाही. नोकरीत पहिल्या वर्षी सिनियर विचारायचे, ‘या ओळीचा अर्थ काय?’, तेव्हा शिकलो. शाळेत तो प्रश्न कोणी विचारला नव्हता, फक्त मार्क कापले होते.

वऱ्हाडातल्या मुलांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. घरी ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन रायलो’ बोलणारं मूल वहीत तेच लिहितं आणि त्यावर फुली बसते. त्याला वाटतं, आपल्याला मराठीच येत नाही. मित्राच्या वर्गाने नियम केला आहे: चर्चा वऱ्हाडीत, लेख प्रमाण मराठीत. मुलं कमेंटमध्ये मोकळं बोलतात आणि वर तेच वाक्य पुस्तकी भाषेत बसवतात. एकाच पानावर दोन्ही भाषा शेजारी असल्यामुळे कोणती कुठे वापरायची ते समजतं, आणि आपली भाषा चुकीची आहे असं कोणी म्हणत नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी अंतर याहून मोठं आहे आणि नेटवर्कही तुटक. तिथे एका कॉम्प्युटरवर एकाने टाइप करायचं आणि तिघांनी बाजूला बसून वाद घालायचा, हे जास्त जमेल.

पुढची पायरी मराठी विकिपीडिया. तो २००३ पासून आहे आणि त्यातले शब्द मला फार आवडतात. सराव करायच्या पानाला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात, सामायिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’. प्रत्येक लेखाला स्वतःचं चर्चापान असतं. मुलांनी थेट लेखात हात घालू नये, धूळपाटीवर लिहावं. इथे एक नवा प्रश्न समोर येतो: संदर्भ काय? ‘आजोबांनी सांगितलं’ चालत नाही, जिल्हा गॅझेटियर चालतं. आणि पाठ्यपुस्तकातला उतारा जसाच्या तसा चिकटवता येत नाही, कारण त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात.

पण सुरुवात करायची तर मी विकिपीडियाच्या आधी मराठी विकिस्रोत सुचवेन. तिथे जुनी, हक्कमुक्त पुस्तकं स्कॅन करून ठेवतात. एका बाजूला छापील पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला मशीनने वाचलेला मजकूर. मशीन घ आणि ध, भ आणि म यांत गफलत करतं. ती आपण सुधारायची. पान एकाने तपासलं की पिवळं होतं. हिरवं व्हायला दुसराच माणूस लागतो, पहिल्याला तो पर्यायच मिळत नाही. म्हणजे दोन मुलांना तेच पान अक्षर न् अक्षर वाचावं लागतं. जुन्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार दिसतात; ते ‘सुधारायचे’ नाहीत, छापलंय तसंच ठेवायचं. मग मुलं विचारतात, हे असं का? आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांची गोष्ट आपोआप निघते.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ खुली आहे. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे या हिशोबाने ‘ग्रामगीता’ १ जानेवारी २०२९ ला खुली होईल. मोझरीच्या आसपासच्या शाळांनी तोवर हात बसवून ठेवायला हरकत नाही.

काळजीचं एक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. विकिपीडियावर खातं काढायला ईमेल सक्तीचा नाही. मुलांनी टोपणनाव घ्यावं, शाळेचं नाव, फोटो टाकू नये. डॉक्सची लिंक ‘लिंक असलेला कोणीही’ अशी उघडी न ठेवता ठरावीक खात्यांनाच द्यावी.

त्या मुलीच्या मोबाईलवर आता ‘ऱ्य’ निघतो. कमेंट मात्र तिने ‘रिझॉल्व्ह’ केलेली नाही, तशीच ठेवली आहे.