नव्या जत्रेचा मुहूर्त

जत्रेला कधी जायचे, हा प्रश्न आमच्या आजोबांना जन्मात कधी पडला नाही. तो पंचांगाने सोडवलेला असे. आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्याचा रथ, कार्तिकीला जळगावचा रामरथ, चैत्रात धुळ्याची एकवीरादेवी, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, मार्गशीर्षात दत्तजयंती आली की तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार! वर्षाचे हे वेळापत्रक घरातल्या लहानथोरांना तोंडपाठ. तिथी यायची, बैलगाडी जुंपायची, पाळण्यात बसायचे, गोडी शेव बांधून घ्यायची आणि परतायचे. रामरथाची प्रथा १८७२ साली अप्पा महाराजांनी घातली. तेव्हापासून कुणी असे विचारल्याचे ऐकिवात नाही, की यंदा रथ जरा गर्दी कमी असताना पाहिला तर चालेल का?

आता एक नवी जत्रा आली आहे. तिला थीम पार्क म्हणतात. मराठीचा अध्यापक या नात्याने मी ‘कल्पनोद्यान’ असा शब्द घरात चालवून पाहिला. पण चिरंजीवांनी तो एका दिवसात निकालात काढला. असो. या जत्रेचे सारेच उलटे. पाळणे आहेत, गाड्या आहेत, भुताटकीचा वाडा आहे, खाऊची दुकाने आहेत. पण तिथी नाही. ती बाराही महिने भरते. आणि जिला तिथी नाही त्या जत्रेचा मुहूर्त ज्याचा त्याला काढावा लागतो. मध्यमवर्गीय संसारात हा मुहूर्त काढणे म्हणजे लग्नाचा काढण्याहून थोडेच सोपे काम!

आमच्या पिढीला या नव्या जत्रेचे वेड लागले ते १९८९ साली, गोराईला एस्सेल वर्ल्ड निघाले तेव्हापासून. मार्व्याहून बोटीने खाडी ओलांडून तिथे जात. आम्ही पोरे पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकापाशी उभे राहून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांचे डबे मोजायचो आणि त्यांत बसून त्या बोटीपर्यंत पोचायची स्वप्ने पाहायचो. १९९८ साली शेजारीच वॉटर किंगडम आले. पुढे एप्रिल २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ उघडले आणि दुसऱ्या वर्षी त्याला पाण्याच्या उद्यानाची जोड मिळाली. शिर्डीलाही आता पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. म्हणजे साईबाबांचे दर्शन आणि मुलांची हौस एकाच तिकिटात नसली तरी एकाच प्रवासात उरकते. फक्त गुरुवार तेवढा टाळावा, हे शिर्डीला गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

परंतु आमच्या घरात गेली दोन वर्षे चर्चा चालली होती ती खोपोलीची.

पहिला प्रस्ताव अर्थातच मे महिन्याचा. सुटी मोठी, मुले मोकळी, माझ्या मागे पेपर तपासण्याखेरीज व्याप नाही. पण वाचकहो, आमचा मे तुम्हांला ठाऊक नसावा. जळगाव-भुसावळच्या बाजूला पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो, केळीच्या बागांना वाऱ्याच्या झळांपासून जपावे लागते आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. अशा मुलखातून निघालेल्या माणसाला वाटते, खोपोलीला छत्तीस-अडतीसच अंश, म्हणजे गारवाच की! ही समजूत फसवी आहे. आमची ऊन कोरडी. घाम आला की वाळतो. तिकडे कोकणच्या बाजूची दमट हवा. घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही, आणि पोर पाऊण तास रांगेत उभे राहिले की कोमेजते. उन्हाची ही गंमत खुद्द वॉल्ट डिस्नेलाही भोवली होती. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे पहिले डिस्नेलँड उघडले, त्या दिवशी तिथे अडतीस अंशांच्या घरात उष्मा होता. नव्या डांबराचे रस्ते मऊ पडून बायकांच्या बुटांच्या टाचा त्यांत रुतल्या आणि प्यायच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. अडतीस अंश म्हणजे आमच्याकडचा मार्च. पण तेवढ्यानेही सोहळ्याची रया गेली. पुढे १९७१ साली फ्लोरिडात दुसरे, पुष्कळ मोठे उद्यान उघडले ते १ ऑक्टोबरला, उन्हाळी सुटीचा लोंढा ओसरल्यावर. शहाणपण महाग मिळते, पण मिळते.

पाण्याच्या उद्यानाचे पंचांग मात्र निराळे, हे इथेच सांगून टाकतो. तिथे ऊन हवेच. ज्यांच्या घरी परीक्षेचे विद्यार्थी नाहीत त्यांनी फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य पाहावा, होळी-धुळवड वगळून. डिसेंबरात त्या पाण्यात उतरून दात वाजवणारी मंडळी मी पाहिली आहेत. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरे.

दुसरा प्रस्ताव आमच्या कन्येचा : पावसाळ्यात जाऊ. जुलैत गर्दी नसते, तिकिटे स्वस्त असतात, डोंगर हिरवे असतात. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण पाऊस म्हणजे किती पाऊस? आमच्या जळगावला वर्षभरात जेमतेम सातशे मिलिमीटर पडतो. खोपोलीच्या डोक्यावर जो घाटमाथा आहे, खंडाळा-लोणावळ्याचा, तिथे चार हजारांहून अधिक. आम्ही ज्याला पावसाळा म्हणतो तो तिकडच्या लोकांच्या लेखी शिडकावा. विजा चमकू लागल्या किंवा जोराची सर आली की उघड्यावरचे मोठे पाळणे आणि गाड्या थांबवतात, थांबवायलाच हव्यात. उरतात त्या छपराखालच्या करमणुकी, आणि सगळी मंडळी तिथेच लोटतात. मुंबईचा किंवा पुण्याचा माणूस सकाळी आभाळ पाहून बेत बदलू शकतो. चारशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाने काय बदलावे? शिवाय त्याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपलेली वस्ती गाडली गेली. त्या डोंगरांत भर पावसात केवळ मौजेसाठी मुलाबाळांना घेऊन जायला माझे मन धजले नाही. शिवाय आषाढीला घर सोडायचे नाही, हा आमच्या आईचा कायदा आहेच. पिंप्राळ्याचा रथ दारावरून जायचा आणि घराला कुलूप? छे!

मग राहिली दिवाळी. दिवाळीत शाळांना सुटी, कॉलेजांना सुटी, बोनसवाल्यांना बोनस. म्हणून साऱ्या महाराष्ट्राला एकच कल्पना एकाच दिवशी सुचते. आमच्या शेजारचे एक गृहस्थ भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एका उद्यानात सहकुटुंब गेले होते. दिवसभरात चार पाळणे झाले. पाचव्याच्या रांगेत त्यांचा धाकटा झोपला, तो खांद्यावरच बाहेर आला. त्यातून आमच्या जळगावकरांची आणखी एक अडचण आहे. आमचे स्टेशन मुंबईहून उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. दिवाळी आणि छठच्या दिवसांत या गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते. आरक्षण साठ दिवस आधी उघडते (२०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत एकशे वीस दिवस होते), आणि उघडल्याबरोबर संपते.

नाताळची गोष्ट दिवाळीसारखीच. पण त्याआधीचा डिसेंबर, आणि तोही आडवारी, तरी मोकळा असेल असे मानाल तर शाळांच्या सहली विसरलात! नाताळच्या आधीचे आणि संक्रांतीच्या आसपासचे आठवडे सहलींचे. एकेका शाळेच्या चार-चार बसगाड्या. आपण रांगेत उभे आणि पुढे सातवी ‘अ’ ते सातवी ‘ड’! मास्तर म्हणून मी अशा सहली नेल्या आहेत. म्हणूनच सांगतो, त्या रांगेच्या मागे उभे राहू नये.

अशी एकेक तिथी खोडता खोडता आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एक फट उरली. कार्तिकी एकादशीला रामरथ झाला, की त्यापासून दत्तजयंतीपर्यंतचा पहिला पंधरवडा. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकत्या उघडलेल्या, सहलींना अजून आठ-पंधरा दिवस अवकाश. पाऊस गेलेला, धूळ बसलेली, दुपार सुसह्य, संध्याकाळी वाऱ्याला किंचित धार. गाड्यांत जागा. तिकिटाचे दरही आडवारी उतरलेले. ही उद्याने वार पाहून दर ठेवतात, आणि आधी काढले तर आणखी कमी, हे आमच्या सौभाग्यवतींनी वहीत मांडून दाखवले. पाच माणसांचा हिशेब करताना मंगळवार आणि रविवार यांत जो फरक पडला, त्यात येण्याजाण्याचे रेल्वेभाडे निघाले. दोन गोष्टींचा तोटा होता : मुलांच्या शाळेचे दोन दिवस आणि माझ्या दोन किरकोळ रजा. दिवस लहान, सहाच्या आत सूर्य मावळतो, हीही एक अडचण. पण सकाळी फाटक उघडायच्या आधी दाराशी हजर असलो की पहिल्या दीड तासात जे पदरात पडते ते पुढच्या चार तासांत पडत नाही. मोठी गाडी आधी, जेवण गर्दीच्या वेळेआधी, आणि छपराखालच्या गोष्टी भर दुपारी, एवढे धोरण पुरे.

हे झाले महिन्याचे. पण मुहूर्तात नुसता महिना पाहून भागत नाही, वर्षही पाहावे लागते. आणि खरी काळजी मला त्याचीच होती.

या उद्यानांत प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या तोंडाशी उंचीची पट्टी उभी असते. पट्टीखाली डोके राहिले की परत फिरायचे. तिथे रडणे चालत नाही आणि वशिलाही. आमचे चिरंजीव दोन वर्षे स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारत होते. गेल्या वर्षी गणपतीत ती रेघ एकदाची हव्या त्या खुणेच्या वर गेली. पण तेव्हाच मोठी नववीत. नववी झाली की दहावी, आणि आमच्या गावात दहावीचे वर्ष म्हणजे घरात टाचणी पडली तरी चालत नाही. मग अकरावी-बारावीचे क्लास, आणि नंतर पुणे नाहीतर मुंबई. दिवाळीला येईल चार दिवस, पाहुणी म्हणून. तिसरीकडे आई. पंचाहत्तरी आली आहे. देवळाच्या पायऱ्या चढते, पण उतरताना कठड्याला धरते. धाकटा उंच व्हायला हवा, मोठी अजून घरी असायला हवी आणि आईचे गुडघे चालते असायला हवेत. तिन्ही गोष्टी एकत्र असलेला असा कार्तिक आमच्या वाट्याला एकच आलेला होता. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणायला जागाच नव्हती.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही गेलो. आईने प्रवासाला वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी बांधली. भरिताचा हंगाम नुकता लागला होता, हाही या मुहूर्ताचा एक गुणच! बाहेरचे खाणे उद्यानात नेऊ देत नाहीत, म्हणून ते आम्ही गाडीतच संपवले. कल्याणला मेहुण्याकडे मुक्काम केला आणि पहाटेच्या लोकलने कर्जतमार्गे खोपोली गाठली.

रांगा होत्या, पण दहा-पंधरा मिनिटांच्या. ‘नायट्रो’ नावाची जी अवाढव्य गाडी आहे, जिच्यात पायाखाली तळ नसतो आणि माणसे उलटी होतात, तिच्यासमोरच्या सावलीत आई बसली. बहीण-भाऊ एकमेकांशेजारी बसून वर चढत होते. या गाडीला इंजिन नसते, साखळीने शिखरापर्यंत ओढून नेतात आणि मग ती आपल्याच वजनाने धावते, असे मी आईला समजावून सांगितले. आईने आयुष्यभर रथ पाहिला आहे. पाचमजली घरांमधून तो लाकडी डोंगर गडगडत निघतो तेव्हा त्याला आवरायला माणसे जीव मुठीत धरून चाकाखाली मोगरी सारतात, हे तिला ठाऊक.

“बापू, मग याले मोगरी कोन लावतं?” तिने विचारले.

मी शेवटच्या टप्प्यातल्या ब्रेकांबद्दल काहीतरी सांगू लागलो. तिने ऐकले नाही. तिचे लक्ष वर होते. गाडी शिखरावर क्षणभर थबकली आणि सुटली, तशी आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला. थेट रथ वळणावर येतो तेव्हा धरते तसा. खाली आल्यावर मोठी पांढरीफटक पडलेली, आणि धाकटा पुन्हा रांगेच्या दिशेने पळत सुटलेला. “जाऊ दे तिलेबी अजून एक डाव,” आई म्हणाली, “आज गर्दी नाही.”

त्या दिवशी ती दोघे चार वेळा बसली. तिसऱ्या खेपेला मीही बसलो. सौभाग्यवतींनी मात्र शेवटपर्यंत पिशव्या सांभाळल्या आणि खर्चाची वही.

यंदा मोठी दहावीत आहे. ज्यांच्या घरी अजून नववी आहे, त्यांनी आरक्षणाची तारीख आजच पाहून ठेवावी. रामरथ झाला की निघायचे, मंगळवार नाहीतर बुधवार धरायचा, आणि भरितात तिखट जरा बेताने घालायचे. मुलांना पुढे उलटे व्हायचे असते.