जुन्या मोटारीचा पट्टा आणि त्याचा ताण

1995 साली पुण्यात मर्सिडीज-बेंझच्या ‘डब्ल्यू 124’ या मालिकेतील मोटारींची जुळणी सुरू झाली. पेट्रोलवर चालणारी ई 220 आणि डिझेलवर चालणारी ई 250 या गाड्या तेव्हा श्रीमंतीचे लक्षण समजल्या जात. आज त्यांपैकी ज्या रस्त्यावर आहेत, त्या हातोहात फिरत सामान्य मिळकतीच्या हौशी माणसाकडे आलेल्या असतात. मोटार स्वस्तात मिळते. सुटे भाग मात्र पूर्वीच्याच तोऱ्याने येतात. म्हणून काटकसर सुरू होते, आणि तिचा पहिला बळी बहुधा इंजिनापुढचा रबरी पट्टा व त्याला ताणून धरणारा टेन्शनर हाच ठरतो.

याआधीच्या पिढीतील मोटारींना व्ही आकाराचे दोनतीन वेगळे पट्टे असत. या गाड्यांत ते काम एकच रुंद, लांबीच्या दिशेने बारीक खाचा असलेला पट्टा करतो. त्यावर ‘6पीके’ अशी अक्षरे असली, तर त्याला सहा धारा आहेत असे समजावे. पुढचा आकडा मिलिमीटरमधील लांबीचा असतो. क्रँकच्या पुलीवरून निघालेला हा पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर या सर्वांना फिरवितो. तो तुटला की चौघेही एकदम थांबतात.

येथेच मोठा घोटाळा होतो. पट्टा तुटताच समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागतो. ‘बॅटरी बिघडली असेल, घरी गेल्यावर पाहू,’ अशी समजूत करून घेऊन चालक गाडी पुढे रेटतो. स्टिअरिंग अचानक जड झाले, ही दुसरी खूणही तो दुर्लक्षितो. वास्तविक पाण्याचा पंप थांबलेला असतो. चोर्ला घाटासारख्या चढावर उष्णतामापकाचा काटा चढण्यास फार वेळ लागत नाही, आणि अॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड एकदा वाकले की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. या इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीने फिरते, त्यामुळे पट्टा तुटला म्हणून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, एवढेच काय ते समाधान. दिवा लागला व स्टिअरिंग जड झाले, की गाडी तेथेच उभी करून इंजिन बंद करणे हाच एक मार्ग होय.

पट्टा जुना झाला हे ओळखणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. पूर्वीच्या निओप्रीन रबराला आडव्या भेगा पडत आणि त्या डोळ्यांना दिसत. आजचे पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते सहसा भेगाळत नाहीत, टायरप्रमाणे झिजतात. धारांमधील खाच हळूहळू रुंदावते, पट्टा पुलीत खोल बसतो व घसरू लागतो. गाडी वर्षभर गॅरेजमध्ये उभी होती, म्हणून पट्टा नवा राहिला असेही नव्हे.

आता टेन्शनरविषयी. इंजिनाची फिरण्याची गती वरवर एकसारखी भासली, तरी प्रत्येक स्फोटागणिक क्रँकला धक्का बसतो. डिझेल इंजिनात तो अधिक तीव्र असतो. हे धक्के पोटात घालून पट्ट्याचा ताण कायम राखण्यासाठी स्प्रिंगचा दांडा असतो, आणि त्या दांड्याची थरथर आवरण्यासाठी अनेक इंजिनांवर तेलाचा लहानसा डँपरही असतो. स्प्रिंग थकली किंवा डँपरमधून तेल गळू लागले, की दांडा नाचू लागतो. अशा वेळी केवळ पट्टा बदलणे म्हणजे मोडक्या खुंटीला नवी दोरी बांधणे. नवा पट्टाही मग लवकरच कुरकुरू लागतो आणि दोष मात्र दुकानदाराच्या माथी येतो.

कुरकुरीचे मूळ शोधण्याची एक साधी कसोटी आहे. इंजिन मंद गतीने चालू ठेवून, हात व कपडे दूर राखून, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज वाढला तर ताण अपुरा आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला, तर एखादी पुली रेषेबाहेर गेलेली आहे. पट्ट्यावर साबण किंवा मेण चोळल्याने आवाज तेवढा झाकतो. दोष जेथल्या तेथे राहतो.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर व बॅटरीची ऋण तार सोडवून करावे. जुना पट्टा उतरविण्यापूर्वी त्याच्या मार्गाची आकृती कागदावर काढून ठेवावी. दहा मिनिटांनी आठवणीवर विसंबणाऱ्याची फजिती ठरलेली. पट्टा निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. चांगले बेअरिंग मुकाट्याने, किंचित जडपणे फिरते. जे भिंगरीसारखे सुसाट व कोरडा खरखराट करीत फिरते, त्यातील ग्रीस संपलेले असते. पाण्याच्या पंपाचा दांडा डुगडुगत असेल, किंवा त्याखाली वाळलेल्या पाण्याचे डाग दिसत असतील, तर पंपही त्याच वेळी बदलावा. वरून स्टिअरिंगचे तेल ठिबकत असेल, तर ती गळती आधी थांबवावी, कारण तेलाने रबर फुगते. बोल्ट आवळताना मात्र जोर दाखवू नये. ते अॅल्युमिनियमात बसतात, म्हणून दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच टॉर्कच्या पान्याने आवळावे.

नवा पट्टा चढविल्यावर बॅटरीची तार जोडण्यापूर्वी प्रत्येक पुलीवर बोट फिरवून सर्व धारा आपापल्या खाचेत बसल्या आहेत की नाहीत, ते पाहावे. एक धार बाहेर राहिली, तर पट्टा थोड्याच वेळात कडेने सोलवटून निघतो. मग इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे आणि पट्ट्याची बैठक पुन्हा एकदा तपासावी.