कॉफीसोबत काय?

मराठी घरांत पाहुण्यांसाठी कॉफी केली की त्यावर जायफळ किसले जाते. दक्षिणेकडे कॉफीत चिकोरी मिसळतात, तर अरब देशांत वेलची घालतात. या जोड्या कुणी प्रयोगशाळेत जुळवलेल्या नाहीत. जिभेने आणि नाकाने त्या पिढ्यान् पिढ्या निवडल्या. त्या का जमतात आणि कुठल्या जोड्या प्रकृतीला महागात पडतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपण ज्याला ‘चव’ म्हणतो, त्यात जिभेचा वाटा थोडा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. बाकी सारे काम नाकाचे. घोट गिळताना घशामागून वास नाकात चढतो आणि मेंदू तो चवीत मिसळून टाकतो. सर्दी झाली की कॉफी नुसती कडू लागते, ती म्हणूनच. हा कडूपणा कॅफिनमुळे येतो असे वाटते, पण त्याचा बराचसा भाग बिया भाजताना तयार होणाऱ्या इतर पदार्थांचा असतो. दुधातली प्रथिने त्यातल्या काही पदार्थांना धरून ठेवतात, म्हणून दुधाची कॉफी सौम्य लागते. चिमूटभर मिठानेही कडूपणा दबतो. मात्र रक्तदाब असलेल्यांनी त्याची सवय लावून घेऊ नये.

जायफळाची गंमत वेगळी आहे. जायफळ स्वतः गोड नाही. पण श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी यांतून आपल्या मेंदूने त्या वासाची गाठ गोडाशी बांधलेली असते. त्यामुळे तो वास आला की साखर कमी असूनही पेय पुरेसे गोड भासते. वेलची आणि दालचिनीचेही तसेच. हा गुण मधुमेहींनी जरूर वापरावा. दिवसातून चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हटली, तर 30 ग्रॅमच्या वर साखर कॉफीतूनच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करा आणि जायफळ गॅस बंद केल्यावर ताजे किसून घाला, कारण उकळताना त्याचा सुगंध उडून जातो. प्रमाण मात्र चिमटीचेच हवे. पाच-सहा ग्रॅम, म्हणजे जवळपास अख्खे जायफळ पोटात गेले, तर धडधड, तोंडाला कोरड, भ्रम अशी विषबाधेची लक्षणे दिसू शकतात.

‘जायफळाने झोप येते, मग रात्री कॉफी घेतली तर काय बिघडले?’ असे रुग्ण विचारतात. कॅफिनचा अंमल चिमूटभर जायफळाने उतरत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायलाच सुमारे पाच तास लागतात, गर्भारपणात तर त्याहून बरेच जास्त. ज्यांना झोपेची तक्रार आहे, त्यांनी दुपारनंतर कॉफी टाळलेली बरी.

आता न जमणाऱ्या जोड्या. पहिली, कॉफी आणि जेवण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी यांतले लोह मुळातच कमी शोषले जाते आणि कॉफीतली पॉलिफेनॉल्स तेही बांधून ठेवतात. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणासोबत कपभर कॉफी घेतल्याने लोहाचे शोषण 39 टक्क्यांनी घटले. चहाने तर 64 टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर शोषण घटले नाही, पण तासभर नंतर घेतली तरी जेवणासोबत घेण्याइतकेच नुकसान झाले. म्हणजे ‘जेवण झाले, आता कॉफी होऊ दे’ ही वेळ नेमकी चुकीची. पोह्यांवर लिंबू पिळतो तेव्हा क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. त्याच बशीशेजारी कॉफीचा कप आला की लिंबाने दिलेले कॉफी काढून घेते.

दुसरी जोडी कॉफी आणि गोळ्यांची. लोहाची गोळी कॉफीसोबत घेतली तर तिचा बराच भाग वाया जातो. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास कॉफी घेऊ नये. बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण नेहमी भेटतात. गोळी चुकत नाही, तरी टीएसएच खाली येत नाही. मग डोस वाढतो. अशा वेळी ‘गोळी कशासोबत घेता?’ हा प्रश्न पुष्कळदा नव्या तपासणीपेक्षा जास्त उपयोगी ठरतो.

तिसरी, कोरी कॉफी आणि लिंबू. जुलाबावर आजीचे औषध म्हणून आणि आता वजन उतरवण्यासाठी ती घेतली जाते. लिंबाने चरबी वितळत नाही. कॉफी तर आतड्यांची हालचाल वाढवते. जुलाबात शरीराला हवे असते ते जलसंजीवनीचे पाणी.

निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, गर्भवतीने 200 च्या आत राहावे. एका लहान चमचा इन्स्टंट कॉफीत साधारण 60 मिलिग्रॅम असते. त्या हिशेबात दोन-तीन कप आनंदाने प्यावेत. फक्त ते जेवणापासून आणि गोळ्यांपासून दूर ठेवावेत. सकाळी अकरा वाजता, पुढच्या जेवणाला अजून तास-दीड तास असताना, कमी साखरेची आणि वर जायफळ किसलेली कॉफी घेतली तर चव आणि प्रकृती दोन्ही सांभाळल्या जातात. घरात कुणाचे हिमोग्लोबिन औषध घेऊनही वाढत नसेल, तर औषध बदलण्याआधी कपाची वेळ बदलून पाहा आणि ही गोष्ट डॉक्टरांच्याही कानावर घाला.